एव्हरग्लेड्समध्ये एक दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा आला की फ्लोरिडातल्या मराठी घरांत पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कोणाचे आई-बाबा भारतातून आलेले असतात, कोणी शिकागो किंवा न्यू जर्सीच्या थंडीतून चार दिवस सुटका म्हणून येतं. मग एव्हरग्लेड्सबद्दल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. एका दिवसात जमेल एवढं चालणं आणि मनसोक्त प्राणी-पक्षी बघणं, एवढाच विषय धरला आहे. मुक्कामाचे कॅम्प आणि कनूच्या लांब सफरी यात नाहीत.

एव्हरग्लेड्स म्हणजे नक्की काय? दलदल की जंगल?

मुळात ती एक अतिशय रुंद, अतिशय उथळ आणि अतिशय संथ नदी आहे. ओकिचोबी सरोवराच्या बाजूने आलेलं पाणी दक्षिणेकडे फ्लोरिडा बे आणि नैर्ऋत्येला मेक्सिकोच्या आखाताकडे सरकत राहतं. उतार मैलाला जेमतेम दोन इंच. पूर्वी या पात्राची रुंदी काही ठिकाणी साठ मैलांपर्यंत होती. काठावर उभं राहून पाणी वाहतंय हे कळतही नाही, पण विमानातून खाली पाहिलं तर पात्रातली झाडांची बेटं एकाच दिशेला निमुळती होत गेलेली दिसतात आणि प्रवाह कुठे चाललाय ते लक्षात येतं.

पात्रभर माजलेला असतो तो सॉग्रास. तो आपल्या लव्हाळ्याच्या कुळातला आहे. पात्याच्या कडेला बारीक करवती दाते असतात, तेव्हा त्यावरून बोट फिरवू नका.

इथे सगळा हिशेब इंचांचा आहे, आणि ही एक गोष्ट लक्षात ठेवून फिरलात तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं. जमीन चार-सहा इंच खाली गेली की सॉग्रासच्या जागी उघडं पाणी आणि सायप्रसची झाडं दिसतात. फूट-दोन फूट वर आली की दाट सावलीचं रुंदपर्णी वन लागतं, त्याला इथे 'हॅमॉक' म्हणतात. त्याहून थोडी उंच आणि खडकाळ जागा मिळाली की पाइनचं रान. रस्त्याच्या कडेला 'रॉक रीफ पास, उंची ३ फूट' अशी पाटी आहे. सह्याद्रीतले घाट चढलेल्या माणसाला तिथे काही चढल्याचं जाणवणार नाही, पण त्या तीन फुटांच्या अलीकडे आणि पलीकडे झाडं वेगळी आहेत.

राष्ट्रीय उद्यान म्हणून ६ डिसेंबर १९४७ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी त्याचं उद्घाटन केलं. क्षेत्रफळ सुमारे ६,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासारखी पन्नासहून जास्त उद्यानं त्यात मावतील. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते १९७९ पासून आहे. नांदूर मध्यमेश्वर आणि ठाण्याची खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ज्या रामसर यादीत आहेत, तिच्यात एव्हरग्लेड्स १९८७ पासून आहे.

जायचं कधी?

डिसेंबर ते मार्च. एप्रिलचा पहिला पंधरवडाही चालतो. इथे ऋतू दोनच, कोरडा आणि पावसाळी. मे महिन्यात पाऊस धरतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. त्या काळात पाणी सगळीकडे पसरलेलं असतं, त्यामुळे मासेही पसरतात आणि त्यांच्यामागे पक्षी आणि ॲलिगेटरही. मैलोन्मैल हिरवं दिसतं, आभाळ अप्रतिम असतं, पण प्राणी फारसे दिसत नाहीत. शिवाय रोज दुपारी गडगडाट आणि डास.

कोरड्या ऋतूत पाणी ओसरतं. उथळ जागा आधी आटतात आणि मासे उरलेल्या डोहांत कोंडले जातात. मग जे काही मासे खाणारं आहे ते सगळं त्या डोहांभोवती जमतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकेका डबक्यावर बगळे, पाणकावळे, करकोचे, ॲलिगेटर असे सगळे एकत्र दिसतात ते यामुळेच.

या डोहांतले कितीतरी डोह ॲलिगेटरनेच राखलेले असतात. तो शेपटीने आणि पायांनी चिखल-गवत उपसून खड्डा मोकळा ठेवतो. कोरड्या महिन्यांत त्याच पाण्यावर मासे, कासवं, गोगलगायी तग धरतात आणि पावसाळा आला की तिथूनच सगळीकडे पसरतात. त्यातले काही मालकाच्या पोटातही जातात. पण हे खड्डे नसते तर या नदीला दरवर्षी नव्याने सुरुवात करावी लागली असती.

आत जायला तीन दारं आहेत असं ऐकलं. कुठल्या दाराने जावं?

होमस्टेडचं मुख्य दार, टॅमियामी ट्रेल या रस्त्यावरचं शार्क व्हॅली आणि पश्चिमेचं एव्हरग्लेड्स सिटी. ही तिन्ही आतून जोडलेली नाहीत. एका दारातून दुसऱ्याकडे जायचं तर बाहेर पडून मोठा वळसा घालावा लागतो, म्हणून एका दिवसात एकच निवडा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी होमस्टेड सांगते. तिथून फ्लेमिंगो नावाच्या समुद्रकाठच्या ठिकाणापर्यंत ३८ मैलांचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर वर सांगितलेली सगळी रूपं एकामागून एक येतात: पाइन, सॉग्रास, सायप्रस, हॅमॉक, खारफुटी, शेवटी समुद्र. सायकल चालवणारे असाल, किंवा हातात अर्धाच दिवस असेल, तर शार्क व्हॅली. एव्हरग्लेड्स सिटीचं दार मुख्यतः बोटीने फिरणाऱ्यांसाठी आहे.

तिकिटाचं काय? आई-बाबांचं वेगळं लागतं का?

गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतं, आणि तेच तिकीट दुसऱ्या दारालाही चालतं. रोख घेत नाहीत, कार्ड ठेवा. मात्र २०२६ च्या सुरुवातीपासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना अकरा मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात, आणि एव्हरग्लेड्स त्या यादीत आहे. भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी हा खर्च धरूनच बेत करा. दोन-तीन उद्यानं बघायची असतील तर परदेशी पाहुण्यांसाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास परवडतो का, याचा हिशेब घालून पाहा. इथे राहणाऱ्यांनी सरकारी फोटो ओळखपत्र जवळ ठेवावं. नियम आणि दर बदलतात, निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

होमस्टेडच्या बाजूने एका दिवसाचा कार्यक्रम कसा आखावा?

मायामीहून पहाटे निघा. सूर्य उगवताना रॉयल पामला पोहोचलात तर उत्तम. मुख्य दार चोवीस तास उघडं असतं, त्यामुळे माहिती केंद्र उघडण्याची वाट बघत बसू नका, ते परतताना बघता येईल.

रॉयल पाम दारापासून चार मैलांवर आहे. तिथे दोन छोट्या पायवाटा आहेत, अन्हिंगा ट्रेल आणि गम्बो लिम्बो ट्रेल. अन्हिंगा ट्रेल जाऊन-येऊन पाऊण मैलाच्या जरा वर. अंतर पाहून वीस मिनिटांत उरकायची घाई अनेक जण करतात. तसं करू नका, सकाळचे दोन तास तिथेच द्या.

मग लाँग पाइन कीजवळची पाइनलँड्सची छोटी वाट. इथलं रान आगीवर जगतं. अधूनमधून आग फिरली नाही तर रुंदपर्णी झाडं वाढून पाइनला सावलीत गाडून टाकतात, म्हणून पार्कचे लोक ठरवून, वारा आणि ओल बघून आग लावतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ही पद्धत पहिल्यांदा इथेच, १९५८ मध्ये सुरू झाली. बुंधे खालून काळे पडलेले दिसले तर हळहळू नका, ते निरोगी रानाचं लक्षण आहे.

पुढे पा-हे-ओकीचा मचाण. पाच-दहा मिनिटांचं काम, पण सॉग्रासचा विस्तार वरून पाहायला हवाच. त्याच्या आगेमागे रस्त्याकडेला खुजे सायप्रस दिसतील. हिवाळ्यात पानं झडलेली, माणसाच्या उंचीपेक्षा थोडीशीच मोठी. रोपटी वाटतात, पण खडकावरच्या बोटभर मातीत उभी असलेली ही झाडं शंभरी ओलांडलेली असू शकतात.

महोगनी हॅमॉकचा अर्ध्या मैलाचा लाकडी मार्ग दुपारच्या उन्हासाठी ठेवा. पाऊल आत टाकताच गारवा जाणवतो. इथे झाडांच्या गुळगुळीत सालींवर लिगस नावाच्या गोगलगायी शोधा. शंखावर पिवळे, तपकिरी, हिरवट पट्टे आणि प्रत्येक शंखाची नक्षी निराळी. कोरड्या दिवसांत त्या सालीला घट्ट चिकटून बसलेल्या असतात. उपटून बघू नका. त्यांनी आतली ओल टिकवण्यासाठी शंखाचं तोंड सालीशी बंद केलेलं असतं, ते सुटलं तर गोगलगाय सुकून मरते.

वेस्ट लेकची वाट कोकणातल्यांना घरची वाटेल. इथली लाल खारफुटी आपल्या कांदळाच्या प्रजातीगणातली आणि काळी खारफुटी आपल्या तिवराच्या. तीच कमानीसारखी मुळं, चिखलातून वर आलेली तीच श्वासमुळं. दुपारी तीनच्या सुमारास फ्लेमिंगो गाठा. तिथे समुद्र आहे, धक्का आहे आणि बसायला सावली.

अन्हिंगा ट्रेलवर इतकं काय आहे?

पाणी आहे. टेलर स्लू नावाचा हा खोलगट पट्टा कोरड्या ऋतूतही आटत नाही, आणि इथले प्राणी माणसांच्या वर्दळीला इतके सरावलेले आहेत की हातभर अंतरावरून बगळा आपलं काम चालू ठेवतो.

ज्या पक्ष्यावरून वाटेला नाव पडलं तो अन्हिंगा म्हणजे आपल्या तिरंदाजाचा सख्खा भाऊबंद. पाण्याखाली पोहत जाऊन चोचीने मासा भोसकतो, वर येऊन झटका देत सोडवतो, हवेत उडवतो आणि डोक्याच्या बाजूने गिळतो. त्याची पिसं पाण्याने चिंब होतात, म्हणून शिकार झाली की पंख पसरून वाळवत बसतो. विणीच्या दिवसांत डोळ्यांभोवती हिरवट निळं कडं चढतं. शेजारीच पाणकावळा बसलेला असतो. त्याची चोच टोकाला वाकडी, अन्हिंगाची सरळ सुईदार. एवढं लक्षात ठेवलं की गल्लत होत नाही.

कठड्यावरून वाकून खाली बघा. गार नावाचे लांब तोंडाचे मासे काठीसारखे निश्चल तरंगत असतात. कासवं ऊन खात बसलेली. काठावरच्या देठांवर पाण्याच्या वर वितभर अंतरावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे चिकटलेले दिसले, तर ती ॲपल गोगलगायीची अंडी. तसाच पण भडक गुलाबी, बारीक दाण्यांचा झुबका दिसला तर ती बाहेरून आलेल्या परक्या गोगलगायीची. पांढरे दाणे दिसले की मला बरं वाटतं, कारण स्नेल काइट ही घार जवळपास या गोगलगायींवरच जगते. शंखातून मांस ओढून काढण्यासाठीच तिची चोच बारीक आणि आकड्यासारखी झालेली आहे.

जांभळी-निळी, पिवळ्या पायांची पर्पल गॅलिन्यूल कमळाच्या पानांवरून चालताना इथे दिसते. आपल्या जांभळ्या पाणकोंबडीची ही नातेवाईक. गंमत म्हणजे आपली पाणकोंबडीही दक्षिण फ्लोरिडात आहे. कोणीतरी पाळलेली सुटली आणि इथे पसरली.

ॲलिगेटर आणि मगर एकच ना?

वेगळे. ॲलिगेटर काळपट, तोंड रुंद आणि पुढून गोलसर. इथली अमेरिकन मगर राखाडी-हिरवट, तोंड निमुळतं, आणि जबडा मिटला तरी खालचा चौथा दात बाहेर दिसतो. ॲलिगेटर गोड्या पाण्यातला. मगरीला खारं पाणी चालतं, म्हणून ती फ्लेमिंगोच्या बाजूला दिसते. हे दोन्ही नैसर्गिकरीत्या एकत्र राहतात अशी जगातली एकमेव जागा म्हणजे दक्षिण फ्लोरिडा.

सांगलीला कृष्णेच्या काठावर किंवा महाडला सावित्रीत मगरी पाहिलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण आपली मगर रुंद तोंडाची असते. त्यांना ॲलिगेटरच ओळखीचा वाटतो. तेव्हा तोंडाच्या आकारावर जाऊ नका, दात आणि रंग बघा.

१९७५ मध्ये फ्लोरिडात मगरी शेकड्यांत मोजण्याइतक्या उरल्या होत्या. संरक्षण मिळालं, त्यांची संख्या सुधारली, आणि २००७ मध्ये त्यांचं वर्गीकरण 'संकटग्रस्त'वरून एक पायरी खाली आणता आलं. फ्लेमिंगोच्या धक्क्यावर आज एखादी बारा फुटी मगर बिनधास्त उन्हात पडलेली दिसते, ती या कामामुळे.

त्या अंगावर येत नाहीत का? मुलं सोबत आहेत.

सकाळी उन्हात पडलेला ॲलिगेटर अंग तापवत असतो, त्याला तुमच्यात रस नसतो. पण अंतर ठेवायचं. पार्कचा नियम किमान १५ फुटांचा आहे. तो फुत्कारला किंवा तोंड उघडून तुमच्याकडे वळला तर तुम्ही फार जवळ गेला आहात. काठावर उकिडवं बसून पाण्यात हात घालायचा नाही, मुलांना पुढे पळू द्यायचं नाही. पिवळ्या पट्ट्यांची वितभर पिल्लं दिसली तर तिथून लगेच मागे सरका. आई जवळच असते, वर्षभर आणि कधी त्याहून जास्त काळ ती पिल्लांना सांभाळते.

आणि खायला घालायचं नाही. पोळीचा तुकडासुद्धा नाही. तो गुन्हा आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसाकडून खायला मिळतं हे एकदा कळलेला ॲलिगेटर माणसाजवळ येऊ लागतो आणि मग बहुधा त्याला मारावं लागतं. तुमच्या मायेची किंमत तो मोजतो.

फ्लेमिंगोला फ्लेमिंगो दिसतात का?

सहसा नाही. ज्यांनी ठाण्याच्या खाडीत किंवा भिगवणला हजारोंनी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, पाहिलेत, त्यांनी ती अपेक्षा ठेवून येऊ नये. गावाला नाव पडलं तेव्हा ते इथे येत असत. पण पिसांसाठी आणि मांसासाठी एवढी शिकार झाली की १९०० च्या आसपास ते जवळजवळ नाहीसे झाले. ऑगस्ट २०२३ मधल्या इडालिया चक्रीवादळाने बरेच फ्लेमिंगो फ्लोरिडात आणून टाकले. त्यानंतर फ्लोरिडा बेमध्ये काही दिसत राहिले आहेत, तेव्हा दुर्बीण लावायला हरकत नाही. गुलाबी पक्षी दिसला तर आधी चोच बघा. चमच्यासारखी चपटी असेल तर तो रोझिएट स्पूनबिल, आपल्या पांढऱ्या चमच्याचा गुलाबी भाऊ.

फ्लेमिंगोचं माहिती केंद्र गाय ब्रॅडली यांच्या नावाने आहे. त्या काळी बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे लावायची फॅशन होती. हे तुरे विणीच्या दिवसांतच येतात, त्यामुळे शिकारी घरट्यावरच्या पक्ष्यांना मारत आणि पिल्लं उपाशी मरत. ब्रॅडली इथे पक्षी राखायला नेमलेले वॉर्डन होते. ८ जुलै १९०५ रोजी तुरे गोळा करणाऱ्या एका शिकाऱ्याला अडवायला ते होडीने गेले आणि त्याने त्यांना गोळी घातली. आज तिथे बगळे शेकड्यांनी दिसतात. त्या केंद्रात पाच मिनिटं थांबा, मुलांना ही गोष्ट सांगा.

धक्क्यावर मॅनाटी बघायला विसरू नका. हिवाळ्यात हे अवाढव्य, शांत सस्तन प्राणी श्वास घ्यायला वर येतात. आधी फक्त दोन नाकपुड्या दिसतात, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर नजर ठेवावी लागते. धक्क्याच्या खांबांवर ऑस्प्रेची घरटी आहेत. हाच पक्षी हिवाळ्यात उजनीलाही येतो.

भिगवणला चित्रबलाक पाहिलेत. इथे तसं काही?

आहे. वूड स्टॉर्क त्याच प्रजातीगणातला. पांढरा अंगरखा, काळं टक्कल पडलेलं डोकं. गढूळ पाण्यात चोच उघडी ठेवून चालत राहतो आणि माशाचा स्पर्श होताच चोच मिटते, डोळ्यांची पापणी लवायच्या आत. डोळ्यांनी शोधायची सवय नसल्यामुळे त्याला दाटीवाटीने भरलेला डोहच लागतो. पाणी वेळेवर ओसरलं नाही तर पिल्लांना पुरेसे मासे मिळत नाहीत आणि आई-बाप घरटं सोडून जातात. या नदीचं पाणी नीट चाललंय की नाही, हे शास्त्रज्ञ वूड स्टॉर्कच्या विणीवरूनही ओळखतात.

बर्मी अजगर दिसेल का?

दिसण्याची शक्यता फार कमी, आणि दिसला तर आनंद मानण्यासारखं काही नाही. पाळायला आणलेले अजगर लोकांनी सोडून दिले, काही सुटले, आणि या पाण्यात ते माजले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण भागातल्या रस्त्यांवर रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं, ओपॉसमचंही जवळपास तेवढंच. तुम्हाला दिवसभरात एकही रॅकून दिसला नाही तर कारण हे आहे.

अजगर शोधणं किती कठीण आहे ते यावरून कळेल: २०१७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने तमिळनाडूतल्या इरुळा जमातीच्या मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना बोलावलं. शिकारी कुत्रे आणि यंत्रं चाचपडत होती तिथे या दोघांनी विष्ठा, घसटीची खूण आणि गवताची दबलेली बाजू वाचत पहिल्या काही आठवड्यांतच डझनाहून जास्त अजगर काढून दिले. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

डास किती असतात?

जानेवारी-फेब्रुवारीत बोर्डवॉकवर फारसे नाहीत. खारफुटीत आणि फ्लेमिंगोला संध्याकाळी असतात. पावसाळ्यात असह्य. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा, पूर्ण लांबीची पँट, आणि डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम. स्नेक बाइट ट्रेलला जायचं असेल तर डोक्यावरची जाळीही घ्या.

कशाला हात लावायचा नाही?

पॉइझनवूडला. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं आहे, काजू-आंबाही त्याच कुळातले. बिब्बा उतला तर काय होतं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. पानं चकचकीत, सालीवर आणि पानांवर काळे तेलकट ठिपके. हॅमॉकमध्ये आणि पाइनच्या रानात दोन्हीकडे असतं. पावसात त्याखाली उभं राहू नका, चीक पाण्याबरोबर ठिबकतो. फ्लेमिंगोच्या बाजूला मँचिनील नावाचं आणखी विषारी झाड आहे, त्याचं फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं. मुलांना आधीच बजावून ठेवा की इथलं कुठलंही फळ तोडायचं नाही.

गम्बो लिम्बोला मात्र खुशाल हात लावा. लालसर, कागदासारखी सोलणारी साल. आपल्या सालईचं हे भावकीतलं झाड.

आई-बाबांना चालवेल का? गुडघे दुखतात.

चालवेल. अन्हिंगा, पा-हे-ओकी, महोगनी हॅमॉक, वेस्ट लेक या वाटा सपाट आहेत, लाकडी किंवा डांबरी, आणि बहुतेकांवर व्हीलचेअर जाते. सावली सगळीकडे नाही, म्हणून टोपी, छत्री आणि पाणी. शार्क व्हॅलीला दोन तासांची ट्राम आहे, त्यात बसल्या जागी सगळं दिसतं आणि सोबतचा माणूस माहितीही सांगतो. जागा आधी राखून ठेवा, विशेषतः नाताळच्या सुट्टीत.

आम्ही दर शनिवार-रविवार गडांवर जाणारे. आम्हाला काही दमणूक?

चढ मिळणार नाही, अंतर मिळेल. शार्क व्हॅलीचा फेरा १५ मैलांचा आहे, सपाट डांबरी, मध्यावर निरीक्षण मनोरा. पायी गेलात तर पूर्ण दिवस जातो, सायकलने दोन-तीन तास. ॲलिगेटर रस्त्यावर आडवे पडलेले असतात, सायकल लांबून न्या. सुरुवात-मध्य-शेवट सगळीकडे ऊन आहे आणि मनोऱ्याशिवाय थांबायला आडोसा नाही, त्यामुळे सकाळी साडेआठला दार उघडताच निघा.

फ्लेमिंगोचा कोस्टल प्रेअरी ट्रेल एका बाजूने साडेसात मैल. चिखल आणि डास दोन्हींची तयारी हवी.

पण मला विचाराल तर पाण्यात उतरा. हिवाळ्यात पार्कचे रेंजर लोकांना सायप्रसच्या डोममध्ये चालवत नेतात, त्याला 'स्लू स्लॉग' म्हणतात. नाव आधी नोंदवावं लागतं. पाणी गुडघ्यापासून कधी कमरेपर्यंत, स्वच्छ आणि गार. नाडीचे बंद बूट आणि लांब पँट सक्तीची, हातात काठी. बाहेरून झाडांचा घुमट दिसतो, कारण मध्यभागी पाणी खोल म्हणून झाडं उंच. आत शिरलं की रस्त्याचा आवाज बंद होतो. फांद्यांवर अननसाच्या कुळातली बांडगुळासारखी दिसणारी, पण झाडाचं काही न घेणारी झुडपं लटकलेली असतात. पाण्यातला करडा-पिवळा, स्पंजासारखा थर हातात घेऊन बघा. तो शैवाल आणि सूक्ष्मजीवांचा गालिचा आहे. इथल्या सगळ्या खाण्यापिण्याची सुरुवात तिथून होते, आणि पाणी आटल्यावरही तो ओल धरून ठेवतो. नदी म्हणजे काय ते पायांना तिथे कळतं.

मोठ्या पंख्यावर चालणाऱ्या एअरबोटीत बसावं का?

माझं मत नको असं आहे. पार्कच्या बहुतेक भागात त्यांना बंदी आहे, टॅमियामी ट्रेलच्या कडेला काही परवानाधारक चालवतात. वाऱ्यावर सुसाट जायची मजा असेल, पण पंख्याच्या आवाजात कान बंद करून बसावं लागतं आणि पक्षी आधीच उडून जातात. तेवढ्या पैशांत फ्लेमिंगोची साधी बोट करा.

गिधाडं गाडीचं रबर खातात हे खरं का?

अगदी खरं. रॉयल पामच्या पार्किंगमध्ये काळी गिधाडं वायपरचं आणि काचेभोवतीचं रबर ओढून काढतात. पार्कने तिथे ताडपत्र्या आणि बांधायचे पट्टे ठेवलेले असतात. दोन मिनिटं लागतात, झाकूनच पुढे जा. भाड्याची गाडी असेल तर नक्कीच.

खाण्यापिण्याचं काय?

डबा घ्या. होमस्टेडनंतर फ्लेमिंगोपर्यंत काही मिळत नाही, आणि शाकाहारी मंडळींना फ्लेमिंगोतही निवड फारशी नाही. दशमी, चटणी, केळी असं न सांडणारं उत्तम. पाणी माणशी तीन लिटर. कचरा परत गाडीत. येताना होमस्टेडजवळ 'रॉबर्ट इज हिअर' या फळांच्या दुकानात थांबा. या भागात आंबा, पेरू, फणस, चिकू, सीताफळाच्या जातीची फळं पिकतात, हंगामाप्रमाणे काही ना काही मिळतं.

एवढं पाणी दिसतं, मग पार्क धोक्यात कसा?

कारण पाणी पूर्वीपेक्षा कमी, चुकीच्या वेळी आणि घाण होऊन येतं. विसाव्या शतकात कालवे आणि बांध घालून वरचा भाग शेतीसाठी आणि शहरांसाठी कोरडा केला गेला. मूळ पाणथळीपैकी साधारण निम्मीच उरली आहे. १९२८ मध्ये झालेला टॅमियामी ट्रेल हा रस्ता प्रवाहाला आडवा, धरणासारखा पडला. वरच्या उसाच्या शेतांतला फॉस्फरस वाहत आला की सॉग्रासच्या जागी पाणकणीस माजतं आणि तो शैवालाचा गालिचा विरून जातो.

दुरुस्ती सुरू आहे. २००० साली अमेरिकी काँग्रेसने मोठी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. टॅमियामी ट्रेलचा एक मैलाचा तुकडा २०१३ मध्ये पुलावर उचलला गेला, नंतर आणखी दोन मैलांहून जास्त. शार्क व्हॅलीला जाताना तुम्ही त्याच पुलांवरून जाता. खालून पाणी दक्षिणेला जाताना दिसतं. तरीही २०१० पासून एव्हरग्लेड्स युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत आहे. काम अर्ध्यावर आहे आणि पैसा, राजकारण, ऊस या तिन्हींशी झगडत चाललंय. फ्लोरिडात मतदान करणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या प्रतिनिधीला याबद्दल विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलला रेंज असते का? आणखी काही?

बहुतेक रस्त्यावर नसते. नकाशा आधी उतरवून घ्या, पेट्रोल फ्लोरिडा सिटीत भरा, परतायची वेळ घरी कोणाला तरी सांगून ठेवा. ड्रोनला बंदी आहे, कुत्र्यांना पायवाटांवर बंदी आहे. दुर्बीण आठ पटीची पुरते, नसेल तर अन्हिंगा ट्रेलवर नुसत्या डोळ्यांनीही भागतं. अंधार पडल्यावर फ्लेमिंगोहून परतताना वेगमर्यादा पाळा. साप आणि बेडूक ऊब घ्यायला डांबरावर येतात, आणि कधीतरी फ्लोरिडा पँथरही रस्ता ओलांडतो. ते जंगलात जेमतेम शे-दोनशे उरले आहेत आणि सर्वाधिक मरतात ते गाड्यांखाली.